पावणी

लग्नाचा मांडव अजून उतरायचा होता. सकाळी अबोलीनं पदर खोचला, मळलेल्या कणकेची परात पुढ्यात ओढली, लाटणं हातात घेतलं आणि सांगलीच्या पोरीला शोभेल अशा मोकळ्या आवाजात सासूला विचारलं, "आई, चपात्या मी लाटू का?"

झालं! चुलीपुढं बसलेल्या धोंडुबाईचा हात होता तिथंच थांबला. तव्यावर भाकरी करपायला लागली तरी बाई हलेना. मग उठली, मूठभर मीठ-मोहऱ्या घेतल्या, सुनेच्या तोंडावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या तेव्हा कुठं बाईच्या जिवात जीव आला.

"पोरी," ती म्हणाली, "ह्या घरात त्यो शबुद काढायचा न्हाई. चपात्या फिरवू का, म्हणायचं. आन् हातात घेतलंयस न्हवं, त्याला फिरकं म्हणायचं."

अबोलीला वाटलं, सासू नव्या सुनेची गंमत करतेय. तिनं हसून नवऱ्याकडं बघितलं. ऋषिराज कुपवाडच्या कारखान्यात कामाला होता, तो निघायच्या घाईत बुटाची नाडी बांधत होता. ती नाडी तो बांधतच राहिला, मान वर केलीच नाही.

संध्याकाळी तिनं त्याला गाठलं. "काय भानगड आहे ही?"

"तू फिरवू म्हण की. तुझं काय जातंय?" तो म्हणाला. "नाव अबोली ठेवलंय तुझ्या घरच्यांनी, आन् तोंडाचा पट्टा बघ."

आता तुम्ही हसाल. हसा बापडे. पण संध्याकाळी दिवा लागल्यावर तुमच्या घरात सापाला साप म्हणतात का लांबडं म्हणतात, ते आधी सांगा. बायकांची बांगडी फुटते का वाढते? दुकानदार रात्री दुकान बंद करतो का वाढवतो? आपण सगळेच असल्या शब्दांना वळसा घालून जाणारी माणसं. धोंडुबाईचा वळसा जरा लांबचा होता, एवढंच.

आणि शब्द कुठला, तर लाट. आपण बोलायला हरकत नाही, आपल्याला त्या घरात नांदायचं नाही. समुद्राची लाट म्हणाल, तर आष्ट्याजवळच्या त्या गावात समुद्र बघितलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावी. कृष्णा अंगणापर्यंत येते, पण तिच्या पुराला लाट नसते. पाय न वाजवता येतो तो, बघता बघता उंबऱ्यात. पण ह्या शब्दाला समुद्र लागतोच कुठं? ऊस पिळायच्या चरकात जे लोखंडी रूळ एकमेकांना घासून फिरतात त्यांना लाटा म्हणतात. उन्हाची लाट येते, थंडीची येते, निवडणुकीत येते, रोगाचीही येते. चपाती लाटतात, आणि भाऊबंदाची जमीनही लाटतात. दिवसभरात हा शब्द किती वेळा तोंडात येतो हे तो टाळायला लागल्याशिवाय कळत नाही. अबोलीला कळलं. पहिल्या महिन्यात तिची जीभ चावून चावून सोलून निघाली.

त्या घरात लाटेला 'पावणी', म्हणजे पाहुणी, म्हणायचे. टीव्हीवरची बाई म्हणाली, "राज्यात उष्णतेची लाट," की धोंडुबाई म्हणणार, "उनाची पावणी यायलीया, टोपडं घाल रं ऋषी." बाकी बाई भली होती. सुनेला कधी वाकडा शब्द नाही, दुपारी तिच्या केसांना तेल लावून द्यायची, तिच्या सांगलीच्या बोलण्याची नक्कल करून शेजारणीला हसवायची. त्या एका जागी मात्र ती आटून जायची. चेहऱ्यावरचं रक्त उतरायचं आणि डोळे दाराकडं लागायचे, कुणीतरी खरंच यायला निघाल्यासारखे.

एके दिवशी दुपारी घेवड्याच्या शेंगा निवडताना अबोलीनं विचारलंच. आणि धोंडुबाईनं सांगितलं, आढेवेढे न घेता, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती.

तिचं माहेर कोयनानगरच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा ती तान्ही नसली तरी लहानच होती. "झुंजूमुंजू व्हायच्या आदी," ती म्हणाली, "मी आयेच्या कुशीत. आन् भुई उठली गं. ह्या कोपऱ्यातनं उठली, त्या कोपऱ्याकडं गेली, मधी आमी. आये वरडली, भुईला पावणी आली म्हणून. तवा पावणी न्हाई म्हणली ती, त्योच शबुद म्हणली. पुना भुई उठली. भित पडली. धाकला भाऊ पाळण्यात हुता." बाईनं एक शेंग मोडली, आतली कीड बघितली, शेंग बाजूला टाकली. "आयेनं नाव घेतलं, म्हणून ती माघारी फिरली. न्हाईतर गेलीच हुती."

अबोलीला सांगावंसं वाटलं की भूकंपाचे धक्के एकामागून एक येतातच, त्यांना हाक मारावी लागत नाही. पण सासूच्या तोंडाकडं बघून तिनं पुढची शेंग निवडायला घेतली.

मग लग्न होऊन धोंडुबाई इकडं आली. सासऱ्याचं गुऱ्हाळ होतं. दीर जोतिबा चरकात ऊस घालायचा. धिप्पाड, हसरा गडी, वहिनीला चिडवल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही. एकदा भर दुपारी ती गुऱ्हाळावर जेवण घेऊन गेली, तर हा मोळीवर मोळी घालतोय आणि हसत म्हणतोय, "वैनी, आज लाट लय भुक्याली हाय बगा, कितीबी घाला, पुरंना." त्यानं भाकरीसाठी हात पुसला, आणि तोच हात पुन्हा उसाबरोबर आत गेला. कराडला नेईपर्यंत तो वाचला नाही.

"सासूबाई रडल्या न्हाईत," धोंडुबाई म्हणाली. "त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणल्या, नाव घिऊन भुक्याली म्हणला, तिनं ऐकलं. आजपास्नं तिचं नाव न्हाई. देवी आल्या म्हणतो न्हवं आपून अंगावर फोड आल्यावर? तसं. पावणी म्हणायचं. पावणी चिडत न्हाई."

त्या दिवसापासून घरानं ते पाळलं. आणि गंमत बघा, पाळताना नुकसानही सोसलं. चुलतदिरानं बांध सरकवून ह्यांची जमीन लाटली. सगळा गाव तेच म्हणत होता. तलाठ्यापुढं बोलायची वेळ आली तर धोंडुबाईला तो शब्द काढता येईना. ती म्हणाली, "ह्यानं आमची जमीन पावणी केली हो!" तलाठी म्हणाला, "मग चहापाणी करा तिचं." सगळी चावडी हसली आणि जमीन गेली ती गेलीच.

नवरा मात्र ह्या नेमाला कधीच जुमानला नाही. लालासाहेब पलटणीतून हवालदार होऊन परत आला होता. बायको घाबरते म्हणून मुद्दाम तो शब्द काढायचा आणि मिशीत हसायचा. करोनाच्या दुसऱ्या वर्षी खाटेवर पडून बातम्या ऐकताना तो म्हणाला, "दुसरी लाट ओसराय लागली म्हणं, धोंडे. तुझी पावणी आपलं घर चुकली वाटतं." बाईनं टीव्हीवर घोंगडं टाकलं. आठवडा झाला नाही तोच त्याला ताप भरला. सांगलीत बेड मिळेना, मिळाला तोवर उशीर झाला होता. शेवटी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला माणूस लांबून दाखवला. तो आपलाच का दुसऱ्याचा, हेही बाईला कळलं नाही.

"आता माज्याजवळ ऋषीच ऱ्हायलाय," धोंडुबाई म्हणाली. "मला दुसरं काय बी नगं गं. तेवढा त्यो ऱ्हाऊ दे." तिनं शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली. अबोली अंगणात बसून राहिली. 

पुढच्या वर्षी कुपवाडच्या कारखान्यानं माणसं कमी केली, त्यात ऋषिराजही आला. तो घरी बसणाऱ्यातला नव्हता. चार दिवस शेतात फिरला आणि पाचव्या दिवशी जेवताना म्हणाला, "आई, गुऱ्हाळ चालू करतो. बिनऔषधाचा गूळ पुण्या-मुंबईची माणसं मागून नेत्यात. शेड हाय, रस आटवायची काहील हाय, चरक हाय. मोटार तेवढी बसवायची."

धोंडुबाईचा घास हातात राहिला. "समदं कर बाबा. ती फिरवू नगंस."

"आई, लोखंड हाय ते."

"भुई बी मातीच हुती."

 पण पोटाला तर लागतंच. अबोली नवऱ्याच्या बाजूनं उभी राहिली. तिनं सासूला समजावलं, की मोटारीला बटण असतं, दाबलं की लगेच थांबते. ऋषिराज चरकापाशी जाणार नाही, तो काहिलीपाशी राहील. ऊस घालायला माणूस ठेवू. ऋषीला काही होणार नाही, आई, मी सांगते. रोज थोडं थोडं सांगितलं. शेवटी बाई कबूल झाली, एका अटीवर: चरक चालू असेल तोवर ती स्वतः शेजारी बसणार. आणि तो शब्द तिथं कुणीही काढायचा नाही.

गुऱ्हाळाची शेड उसाच्या फडाच्या टोकाला. एका दुपारी जेवणं झाल्यावर अबोली ती बघायला म्हणून एकटीच गेली. टळटळीत दुपार, वाऱ्याचा पत्ता नाही, फडातलं पान हलत नव्हतं. जोतिबा गेल्यावर ते गुऱ्हाळ कुणी चालवलं नव्हतं. काहील पालथी घातलेली, तिच्याखालच्या चुलवाणात गवत वाढलेलं. चरक मात्र स्वच्छ होता. अबोली जवळ गेली आणि तिला मुंगळे दिसले. काळ्या मुंगळ्यांची रांग जमिनीवरून चरकावर चढत होती आणि दोन लाटांच्या फटीत शिरत होती. इतकी वर्षं ज्या लोखंडाला ऊस शिवला नाही, तिथं मुंगळ्यांना काय मिळत होतं? तिनं बोट लावलं. बोट चिकट झालं. लोखंड सावलीत होतं, तरी कोमट लागलं.

मागं पावलं वाजली. अबोली का कोण जाणे, चिपाडाच्या जुन्या ढिगामागं सरकली. धोंडुबाई आली होती. हातात झाकलेलं ताट. तिनं चपाती मोडली, गुळाबरोबर कुस्करून लाटांच्या फटीत भरली, पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि लेकीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "जेव बाई. पोटभर जेव. तुज्या घरचंच हाय. हिकडं-तिकडं बघू नगंस." मग ती उकिडवी बसून राहिली. कुणी जेवत असताना घरधनीण बसते ना, काय हवं-नको बघायला, तशी.

थोड्या वेळानं लाट कर्रर्र करून बोटभर फिरली.

अबोलीनं ते ऐकलं. तिनं नंतर स्वतःला शंभरदा समजावलं, की उन्हानं लोखंड फुगतं, आवाज येतो. पण तिथं धोंडुबाई म्हणाली, "झालं व्हय? बरं." आणि ताट उचलून चालायला लागली. अबोली फडातून आडवाटेनं घरी पळाली. तिनं ऋषिराजला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "लहानपणापास्नं बघतोय मी. अमावस्येला जाती ती. जाऊ दे तिला." इतका मोठा गडी, पण हे सांगताना त्याचा आवाज बारीक झाला होता.

दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागलं. नारळ फोडला, गूळ करणारा शिराळ्याकडचा गुळव्या आणला, चुलवाण पेटलं. पहिल्या काहिलीचा वास गावभर गेला आणि लोक वाटीवाटीनं काकवी न्यायला यायला लागले. धोंडुबाई चरकाशेजारी खाट टाकून बसायची, नजर त्या फटीवर. दिवस जात होते, काही होत नव्हतं. हळूहळू बाईच्या कपाळावरच्या आठ्या कमी झाल्या. एकदा तर गुळव्याच्या विनोदावर ती खळखळून हसली. अबोलीला वाटलं, सुटलो. तिनं माहेरी फोन करून आईवडिलांना ताजा गूळ खायला बोलावलं.

ते येणार होते त्याच दिवशी ऊस घालणारा माणूस आला नाही. त्याच्या घरात कुणीतरी वारलं होतं. चुलवाण तर पेटलं होतं. अबोली म्हणाली, "मी घालते, त्यात काय!" माहेरची माणसं यायची म्हणून तिनं चांगली साडी नेसली होती. पदर कमरेला खोचला आणि उभी राहिली. ऋषिराज चुलवाणापाशी. मोटारीचा घरघराट, उसाचा कडकडाट. अबोली मोळीतले ऊस काढून लाटांत सारत होती आणि मधून मधून रस्त्याकडं बघत होती.

खोचलेला पदर सुटला. काठ खाली लोंबला, चिपाडाबरोबर सरकत सरकत लाटांच्या तोंडाशी गेला. अबोलीला ते दिसलं नाही. धोंडुबाईला दिसलं.

त्या जागी दुसरी कुणीही बाई असती तर काय ओरडली असती? "लाट! लाट! पदर गं!" असंच ना? चरकावर काम करणारं शेंबडं पोरही तेच ओरडतं, आणि ऐकणारा विचार न करता मागं उडी मारतो. धोंडुबाईनं तोंड उघडलं. तो शब्द जोतिबाच्या दिवसापासून तिच्या तोंडातून बाहेर पडला नव्हता. तो आलाच नाही. आला तो दुसराच, जिवाच्या आकांतानं:

"पावणी! पावणी आली!"

अबोलीचा चेहरा उजळला. आले आईबाबा! ती हसत रस्त्याकडं वळली, सगळ्या अंगानं वळली, आणि त्या वळण्यानं पदराचा घोळ सरळ लाटांत गेला.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांत आठवतं. कमरेला बसलेला हिसका. पदराला दोन्ही हातांनी धरलेली सासू. टर्रकन फाटलेली साडी. ती मागं पडली तेव्हा आभाळ दिसलं, आणि मग एक आवाज, जो माणसाचा होता असं तिला अजून वाटत नाही. ऋषिराजनं मोटार बंद केली. लाटा थांबल्या तेव्हा धोंडुबाई चरकाला टेकून उभी होती, शांत, उजवा हात मनगटापर्यंत आत. त्याच वेळी अबोलीचे आईवडील फाटकातून आत येत होते, हातात फळांची पिशवी घेऊन.

मिरजेला दवाखान्यात हात मनगटातून काढावा लागला. बाई वाचली. घरी आणली तेव्हा ती पांढरी पडली होती, पण शुद्धीत होती, नको तितकी शुद्धीत. ऋषिराजनं गुऱ्हाळाला कुलूप लावलं आणि किल्ली कुठं टाकली कुणास ठाऊक. अबोली सासूला भरवायची, न्हाऊ घालायची, आणि आतल्या आत जळायची. माझ्यापायी गेला हात. मी वळले कशाला?

एका सकाळी ती सासूला पेज भरवत होती. ऋषिराज दारात दाढी करत होता. धोंडुबाई एकाएकी म्हणाली, "लाट."

ऋषिराजच्या हातातलं ब्लेड गालाला लागलं.

"लाट, लाट, लाट," बाई म्हणाली. "बघा. काय झालं? काय बी न्हाई झालं." ती सुनेकडं वळली. "मी पडूनपडून इचार केला गं. सासूबाई चुकल्या. मी बी चुकले. लाट म्हणजे काय? येती आन् जाती. भुईतनं गेली, रोगाची आली ती बी गेली. लाट कुटं मुक्कामाला ऱ्हाती व्हय? आन् आपून काय केलं? आपून तिला पावणी केलं. ये म्हणलं, बस म्हणलं, ताट वाढलं. पावणी कवा आपलीआपण जाती का? तिला घर मिळालं की. माज्याच हातानं जेवत हुती, आन् माजाच हात…" तिनं बांधलेल्या मनगटाकडं बघितलं. "आजून हाय ती. दुपारी मला कर्रर्र ऐकू येतंय हितं."

अबोलीनं पेजेची वाटी खाली ठेवली. कारण तो आवाज तिलाही येत होता. रोज दुपारी, भांडी घासताना. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"मग काय करायचं, आई?"

"पावणीला काय करत्यात? वटी भरून वाटं लावायची. मला एका हातानं भरता येत न्हाई. तू भर." बाई उठून बसली, अंगात बळ आल्यासारखी. "आन् नीट ऐक. वटी भरायची आन् 'जा' म्हणायचं. 'जा'च म्हणायचं. माघारी बघायचं न्हाई. मग ऋषी मोकळा. ही गेली की माजा पोरगा माजा."

सोपं वाटतं ना? दारी आलेल्या माणसाला 'जा' म्हणून बघा एकदा. आपल्यात निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मयताच्या घरून उठलो तरच न सांगता उठतो. आणि घरधनीण तर 'जा' कधीच म्हणत नाही. अबोलीनं वाटेत चालताना तो शब्द घोकला. जा. जा. जा. परीक्षेला निघालेली पोरं घोकतात तसा.

गुऱ्हाळाच्या कुलपाची किल्ली शेवटी ऋषिराजनंच काढून दिली होती. शेड बंद राहून आत कोंदट झाली होती, आंबलेल्या रसाचा वास होता. अबोली चरकापुढं बसली. लाटांना हळद लावली, कुंकू लावलं. नवा खण पसरला, त्यात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी घातली.  तिनं तोंड उघडलं.  पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा शब्द आला, हळू, पण स्पष्ट.

"जा."

काही झालं नाही. कर्रर्र नाही की काही नाही. बाहेर एक साळुंकी ओरडली. अबोलीच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला रडू आलं, हसूही आलं. झालं, सुटलो एकदाचे! तिनं ताट उचललं, डोळे पुसले, उठली. आणि मोकळ्या झालेल्या मनानं, लहानपणापासून आईच्या शेजारी उभी राहून चैत्रात, संक्रांतीत, श्रावणात, दर हळदीकुंकवाला, ओटी भरून झाल्यावर प्रत्येक बाईला जे म्हटलं होतं, ते तिच्या तोंडातून आपसूक गेलं:

"ये हं परत."

ती दारात थिजली. मागं बघायचं नव्हतं, म्हणून तिनं बघितलं नाही. मागं कुणीतरी खण गोळा केल्यासारखी सळसळ झाली.

घरी धोंडुबाई ओसरीवर येऊन बसली होती, वाट बघत. "म्हणलीस?"

"म्हणले," अबोली म्हणाली.

"जा, म्हणलीस न्हवं?"

"हो, आई. जा म्हणाले."

"आन् दुसरं काय न्हाई न्हवं?"

बाईच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, इतकी आस होती त्यात. उभ्या जन्मात काही मागितलं नव्हतं तिनं, हे एकच मागितलं होतं. अबोलीनं मान हलवली. "काही नाही."

धोंडुबाईनं भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं ताणलेलं एकदम सैल झालं. तिनं डाव्या हातानं सुनेच्या गालावरून बोटं फिरवली आणि स्वतःच्या कानशिलावर मोडली. एका हाताची कडाकड ती काय वाजणार? तरी तिनं मोडली.

"ऋषी!" तिनं हाक मारली. आवाजात किती वर्षांनी धास्ती नव्हती. "अरं, गडी बघत बसू नगंस. ऊस वाळायलाय. तूच घाल जा चरकात. फिरव लाटा बिनघोर. आता कुनी न्हाई तितं."

ऋषिराजनं आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. किती महिन्यांनी तो हसला. बाह्या दुमडत तो फडाच्या वाटेला लागला.

अबोलीनं ओसरीवरची पाण्याची कळशी उचलली. सांगायला हवं होतं. आत्ताच, ह्या क्षणी. तिनं तोंड उघडलं आणि सासूकडं बघितलं. बसल्या जागी बाईला झोप लागली होती, लहान पोरासारखी, तोंड अर्धं उघडं टाकून.

तेवढ्यात फडाच्या टोकाकडून मोटार सुरू झाल्याची घरघर आली. अबोलीच्या हातातली कळशी पडली, आणि ती अनवाणीच धावत सुटली, गळा फाटेस्तोवर ऋषीचं नाव घेत.